हवा पाह्यजे का आवाज? स्कॉर्पिओच्या मोठ्या इनटेकचा हिशेब

पहिले पैशाचंच सांगतो, कारण बॉनेट उघडं दिसलं की माणूस आधी तेच विचारतो. इंजिनात हवा जाते ती वाट, म्हणजे इनटेक, मी मोठी करून घेतली, त्याला सगळं मिळून साडेसतरा हजार रुपये लागले. फिल्टरचा डबा ४५००, आतल्या-बाहेरच्या फिल्टरची जोडी १६००, अ‍ॅल्युमिनियमची नळी, सिलिकॉनचे एल्बो, क्लिपा आणि ब्रॅकेट धरून ४४००, आणि मजुरी ७०००. दुसरा प्रश्नही ठरलेला असतो, पॉवर किती वाढली. म्हणण्यासारखी काहीच वाढली नाही, असं सांगितलं की विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. तरीही मी या कामाला पाचपैकी चार तारे देतो. कसे, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

गाडी २०१८ ची स्कॉर्पिओ एस-५, २.२ लिटरचं एमहॉक डिझेल, २१७९ सीसी, १२० हॉर्सपॉवर. माझं कृषी केंद्र आहे. बियाणं-औषधं दुकानात विकली जातात, पण उधारी वसूल करायला आणि पिकावर काय पडलंय ते बघायला शेतातच जावं लागतं. म्हणजे निम्मं रनिंग पांदण रस्त्यांवर. दिवाळीनंतरची आमच्याकडची पांदण ज्यानं पाहिली नाही त्याला फुफाटा म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. काळी माती ओली असते तेव्हा चाकाला धरून ठेवते, आणि वाळली की तिची इतकी बारीक धूळ होते की काचा बंद असूनही डॅशबोर्डवर बोटानं नाव लिहिता येतं. त्यात कापसाचा हंगाम. जिनिंगच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या उघड्याच जातात, बाभळीवर पुंजके लटकलेले असतात, आणि तेच पुंजके गाडीच्या जाळीतून आत शिरून फिल्टरवर थर धरतात. वणीकडे गेलो तर कोळशाच्या ट्रकांची काळी भुकटी वेगळी.

कंपनीचा फिल्टर कागदी. डांबरी रस्त्यासाठी उत्तम आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आमच्याकडे तो फार लवकर भरतो. भरला की टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, ओढ लागते आणि दुसऱ्या गिअरात गाडी जड वाटते. मग पंक्चरवाल्याकडे थांबून हवा मारून घ्यायची, ही इकडची सार्वत्रिक पद्धत. ती बंद करा बाप्पा. टाकीतल्या त्या दाबानं कागदाला बारीक चिरा पडतात. फिल्टर दिसायला स्वच्छ होतो आणि धूळ सरळ टर्बोच्या पंख्यावर जाते. तो पंखा जोरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्या वेगात माती पात्यांच्या कडा खाऊन टाकते.

बाजारातलं तयार किट का नाही घेतलं, असं काही जण विचारतील. माझ्या चुलतभावाच्या गाडीत ते आहे. शंकूच्या आकाराचा, तेल लावलेल्या कापडाचा उघडा फिल्टर, थेट इंजिनच्या बाजूला. फुसफुस आवाज येतो, चौकातली पोरं वळून बघतात, तो खूश आहे. मी त्याच्या गाडीला ब्लूटूथचं ओबीडी यंत्र, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, लावून मोबाइलवर आकडे पाहिले. मे महिना, बाहेर ४५ अंश, गावातून रमतगमत चाललो होतो, आणि आत जाणारी हवा ७० अंश! हवा तापली की विरळ होते. तापमानात २७३ मिळवायचे आणि भागायचं, हिशेब शाळेतलाच आहे. ३१८ भागिले ३४३, म्हणजे तेवढ्याच जागेत सात टक्के हवा कमी. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी, त्यातली काही उष्णता पुढे काढून घेतो, सगळी नाही. शिवाय तेलाच्या फिल्टरला तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं. चुलतभावाला हे सांगून उपयोग नाही. आवाज येतोय म्हणजे पॉवर येतेय, यावर त्याची श्रद्धा आहे.

मी गेलो तो लेथवाल्या मिस्त्रींकडे. हिंगणघाट तालुक्यात, हायवे सोडून आत, एका फाट्यावर दुकान आहे. पाटी नाही. बाहेर थ्रेशरचे ड्रम, ट्रॉलीचे आस, रोटाव्हेटरची झिजलेली पाती पडलेली असतात. त्यांचं मूळ काम ट्रॅक्टरचं. गाड्यांची कामं ते आवडीनं आणि सवडीनं घेतात, म्हणजे त्यांच्या सवडीनं. माझं म्हणणं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, तुमाले हवा पाह्यजे का आवाज पाह्यजे? आवाज पाह्यजे असन तं डब्याचं झाकण काढून फिरा, फुकटात होते."

हवा पाहिजे म्हटल्यावर काही कापायच्या आधी त्यांनी मोजमाप काढलं. माझे चारातले निम्मे तारे या मोजमापाचे आहेत. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी त्यांनी घेतली. ती लाकडी पट्टीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून सुतळीनं बांधली, मधे शिंप्याचा टेप चिकटवला आणि नळीत निळीचं पाणी भरलं. एक टोक फिल्टरच्या पुढच्या पाईपला बारीक छिद्र पाडून बसवलेल्या निपलवर, दुसरं मोकळं. पट्टी डॅशबोर्डपासून छतापर्यंत उभी, कारण आखूड ठेवली तर ओढ लागल्याबरोबर निळं पाणी इंजिनात जाईल. मोकळ्या रस्त्यावर मी तिसऱ्या गिअरात पाय दाबला, मिस्त्रींनी शेजारी बसून पट्टी धरली. इकडचं पाणी सरसर वर चढलं, तिकडचं उतरलं, आणि दोन्ही पातळ्यांमधला फरक त्यांनी टेपवर वाचून तळहातावर पेनानं लिहिला.

फरक जितका मोठा तितकी हवेला वाटेत अडचण जास्त. माझा वापरलेला, धुळीनं भरलेला फिल्टर असताना फरक आला ४१ सेंटिमीटर. कंपनीचा नवा कोरा फिल्टर घातला, २६. मग डांबरी रस्त्यावर, पुढेमागे कोणी नसताना, तेवढ्यापुरता फिल्टर काढून नुसता रिकामा डबा लावला, तरी १९! म्हणजे कोऱ्या फिल्टरचा वाटा अवघा ७. बाकीची सगळी ओढ डब्याचं अरुंद तोंड आणि आधीच्या वळणांची. हे मला ठाऊक नव्हतं, आणि महागडा फिल्टर विकणारा कोणी हे सांगत नाही, सांगणारही नाही. कंपनी तोंड अरुंद ठेवते ते मूर्खपणानं नव्हे. आवाज दाबायचा असतो, पाणी अडवायचं असतं, आणि लाखो गाड्यांच्या बॉनेटखाली एकाच मापात बसवायचं असतं.

आता काम. डबा त्यांनी पिकअप-ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणवला, गोल, लांबट, दोन फिल्टरवाला. हवा त्यात कडेनं तिरपी शिरते आणि गोल फिरते. जड माती भिंतीला लागून खाली पडते आणि डब्याच्या बुडाला असलेल्या रबरी चोचीतून बाहेर गळते. उरलेली बारीक धूळ मोठा कागदी फिल्टर धरतो. त्याच्या आत एक लहान फिल्टर असतो, बाहेरचा फाटला किंवा बदलताना माती सांडली तर टर्बो वाचावा म्हणून. आतल्याला हात लावायचा नाही, झटकायचा तर मुळीच नाही. आमचे बाबा अजून म्हणतात, जुन्या ट्रॅक्टरचा तेलाचा एअर क्लीनरच खरा. तो धुऊन पुन्हा वापरता येतो हे खरं, पण बारीक धूळ अडवण्यात कागद त्याच्या पुढे आहे. बाबांशी मी यावर वाद घालत नाही.

हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाचं काम बघण्यासारखं होतं. नळी सरळ कापून ठेवली तर हवा तिच्या धारदार कडेवरून आत वळताना भोवरे करते, म्हणून तोंडाला बाहेर गोलाई द्यावी लागते. अ‍ॅल्युमिनियमची जाड रिंग लेथवर चढवून मिस्त्रींनी ती गोलाई काढली. दर थोड्या वेळानं मशीन थांबवायची, कडेवरून अंगठा फिरवायचा, चष्मा कपाळावर सारून उजेडात बघायचं, पुन्हा चालू. शेवटी पॉलिश पेपर. ही रिंग बॉनेटखाली कोणाला दिसणारसुद्धा नाही.

मला तोंड बंपरच्या मागे, खाली हवं होतं, तिथे हवा गार लागेल म्हणून. त्यांनी साफ नाही म्हटलं. "पान्यात नाल्यावरून पूर जाते तवा काय करसान?" मुद्दा बिनतोड आहे. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ग्लासभर जरी गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. तोंड मग हेडलाइटच्या मागे, उंचावर, मडगार्डच्या कडेला आलं, आणि इंजिनच्या बाजूनं पत्र्याची आडभिंत घालून तिला बॉनेटपर्यंत रबरी पट्टी लावली. त्याच मेमध्ये, तसल्याच उन्हात, चालत्या गाडीत आत जाणारी हवा ४९-५० अंशांवर राहिली. बाहेर ४५ असताना याहून जास्त मागणं हावरटपणा होईल.

पुढे थोडा घोळ झाला. डब्यापासून टर्बोपर्यंत सगळीकडे ७६ मिलिमीटरची नळी टाकायची म्हणून मिस्त्रींनी हवा मोजणारा सेन्सरही त्याच नळीत बसवून दिला. गाडी सुरू झाली, छान चालली, पण वरच्या गिअरात गाडीचा जोर पहिल्यापेक्षा कमी! हा सेन्सर आपल्या अंगावरून हवा किती जोरात जाते ते बघतो, आणि नळी मूळ मापाचीच आहे असं धरून कॉम्प्युटर वजन काढतो. मूळ नळी आतून ७० ची. ७६ ची केली की क्षेत्रफळ अठरा टक्के वाढलं, हवा तेवढीच असून हळू वाहू लागली, आणि कॉम्प्युटरला वाटलं हवा पंधरा टक्के कमी आली. पेट्रोल गाडीत अशानं मिश्रण पातळ होतं. डिझेलमध्ये कॉम्प्युटर धूर होऊ नये म्हणून हवेच्या हिशेबानं डिझेलच कमी सोडतो. मोबाइलवर दिसतच होतं. जिथे आधी सेकंदाला १३० ग्रॅम हवा दिसायची तिथे आता ११०.

उपाय साधा निघाला. कंपनीची सेन्सरची नळी जशीच्या तशी परत लावली, तिच्या आधी वीतभर सरळ पाईप ठेवला आणि तोंडाशी बारीक जाळी, म्हणजे वळणातून आलेली हवा सेन्सरपर्यंत सरळ होते. दोन्ही बाजूंना मापाचा फरक टप्प्यानं न ठेवता उताराची बाही लेथवर काढली. आकडा १३१ वर आला आणि सुई नाचायची थांबली. या दुरुस्तीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. इंजिनच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी, नळी मात्र ते जोडायला विसरले नाहीत. शहरात काम करून आलेल्या एका गाडीत ती नुसती लोंबकळत सोडलेली मी पाहिली आहे, आणि तिथून धूळ बिनफिल्टरची आत जात होती.

ट्यूनिंगचं म्हणाल तर ते मी एवढ्यावरच थांबवलं. नागपूरचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन येतो, मॅप, म्हणजे कॉम्प्युटरमधला डिझेल-हवेचा हिशेब, बदलून देतो, पंचवीस-तीस हॉर्सपॉवर वाढवून देतो म्हणतो. वाढतेही. डिझेल जास्त सोडलं आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की वाढणारच. पण त्याचा क्लच, टर्बो आणि पीयूसीशी जो संबंध येतो तो मला नको होता. माझी गाडी बीएस-४ आहे, धुराची मर्यादा १.६२. इनटेकनंतर पीयूसी सहज पास झाली, कारण डिझेलच्या हिशेबाला कोणी हात लावला नव्हता.

फायदा काय झाला तो आता तोलून सांगतो. नळीच्या पट्टीवर नव्या इनटेकचा फरक आला १३ सेंटिमीटर. कोऱ्या कंपनी फिल्टरपेक्षा निम्मा. ऐकायला फार वाटतं. पण समुद्रसपाटीला हवेचा दाब १०३३ सेंटिमीटर पाण्याइतका असतो, त्यातले १३ वाचले, म्हणजे सव्वा टक्का. चिखलदऱ्याला चढलो की अकराशे मीटर उंचीमुळे हवेचा दाब बारा टक्क्यांनी कमी होतो, आणि तरी परतवाड्याहून गाड्या घाट चढतातच. त्या सव्वा टक्क्याचीही पॉवर होत नाही, कारण या टर्बोत पंख्याभोवती हलती पाती आहेत, ती कॉम्प्युटर हलवतो आणि ठरलेला बूस्ट तो कसाही करून गाठतोच. फरक एवढाच की आता त्याला कमी झगडावं लागतं. दीड हजार आरपीएमच्या आसपास गाडी जी मेल्यागत व्हायची ती आता लवकर उचलते. शेतातून बांध चढताना हाफ क्लचवर कमी राहावं लागतं. तेवढं पायाला नक्की कळतं. ॲव्हरेज तेराच्या घरात होतं, तेराच्याच घरात आहे. ॲव्हरेज वाढतं असं सांगणारा माणूस किट विकत असतो.

खरा पैसा वसूल झाला तो धुळीत. तूर निघाली, कापूस निघाला, सगळा हंगाम पांदणीतून फिरलो आणि मग पुन्हा ती निळीची नळी लावली. फरक १३ चा १६ झाला होता. कंपनीचा फिल्टर एवढ्यात २६ वरून ४१ ला गेला असता, आधी गेलाच होता. रबरी चोच चिमटीत दाबली की मूठभर माती बुटावर पडते. ती सगळी आधी कागदावर बसत होती. मिस्त्रींनी सेन्सरच्या पुढच्या पाईपला आतून ग्रीसचा पातळ हात फिरवून दिला होता. कुठे फट असेल तर त्या ग्रीसवर माती चिकटते. पाईप काढून पांढऱ्या फडक्यानं पुसला, फडक्यावर फक्त ग्रीस आलं. इनटेक कोणाकडूनही करून घ्या, ही ग्रीसची परीक्षा मात्र घ्याच. मोठ्या नळीला बारीक फट राहिली तर कंपनीचा अरुंद डबा तिच्यापेक्षा शंभर पटीनं बरा.

आवाज थोडा वाढला. टर्बोची शिट्टी आता आत ऐकू येते. बाबा दोन दिवस विचारत होते, विमान आलं का म्हणून. सौ. ला आवडत नाही. मला आवडते, पण तिच्यासमोर मी तसं म्हणत नाही.

एक तारा कापला तो दुकानाच्या कारभारासाठी. "उद्या या" याला तिथे काही अर्थ नाही. हंगामात थ्रेशर आला की तुमची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी राहते, आणि त्याबद्दल भांडताही येत नाही, कारण ज्याचा थ्रेशर असतो तो बहुतेक आपलाच गिऱ्हाईक निघतो. पक्कं बिल मिळत नाही. कागदावर लिहिलेला हिशेब मिळतो. विमा कंपनीला बदल कळवायचा तर तो कागद घेऊन काय सांगणार, हा प्रश्न आहेच. मी फोटोंसह लेखी कळवून पोच घेतली. आरसीवर लिहिलेल्या तपशिलांत इनटेक येत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर मात्र या भानगडीत पडू नका, उद्या टर्बो गेला की सर्व्हिस सेंटर पहिलं बोट तिथेच ठेवेल. ब्रॅकेटला लावलेला काळा रंग पहिल्या पावसातच सोलला. आणि क्लिपा साध्या, खाचा असलेल्या पट्टीच्या होत्या. सिलिकॉनच्या एल्बोला त्या चावतात, एका जागी रबर चिरायला लागलं होतं. मी त्या बदलून टी-बोल्टच्या, म्हणजे नट-बोल्टनं आवळायच्या सपाट पट्टीच्या, टाकल्या.

रोज नागपूर-वर्धा हायवेवर ये-जा असेल तर हे काम करू नका. वेळेवर कंपनीचा फिल्टर बदला, थोडक्यात भागतं. पेट्रोल स्विफ्ट-आय टेनवाल्यांनी तर अजिबात नाही. १२०० सीसीचं इंजिन सहा हजार आरपीएमलासुद्धा मिनिटाला ३६०० लिटरच्या वर ओढू शकत नाही, आणि तेवढ्याला कंपनीची नळी पुरून उरते. बोलेरो, पिकअप, स्कॉर्पिओ, ज्यांची चाकं वर्षातले सहा महिने फुफाट्यात असतात, त्यांनी जरूर जावं. आखाडीच्या, म्हणजे आषाढाच्या, सुमारास गेलात तर बरं, पेरण्या झालेल्या असतात आणि थ्रेशर यायला अवकाश असतो. टी-बोल्टच्या क्लिपा आपल्या आपण घेऊन जा, फिल्टरची जास्तीची जोडी तेव्हाच मागवून ठेवा, आणि रंग दुसरीकडे मारून घ्या.